झिजलेला सेकंड गिअर

रविवार, संध्याकाळ

हात अजून ऑईलने काळे. बाबांच्या जुन्या मोटारसायकलचा गिअरबॉक्स शेवटी उघडला. सेकंड गिअर सारखा सुटत होता. बाकीचे गिअर ठणठणीत, सेकंडचेच दात झिजून गोल. असं कसं? ड्यूटीला एकटे निघाले की बाबा टाउनशिपमधून टॉप गिअरमध्ये सुसाट जायचे!

आई चहा घेऊन व्हरांड्यात आली. तिला वेगाची भारी भीती. म्हणाली, "ही गाडी कधी पळलीच नाही रे. हबीबगंज स्टेशनपर्यंत नुसती रांगायची. तुझे बाबा म्हणायचे, म्हातारी आहे, एवढंच चालते बिचारी."

म्हणजे आई मागे असली की बाबा सेकंडच्या वर गेलेच नाहीत!

तिला सांगितलं नाही. झिजलेला गिअर फडक्यात गुंडाळून ठेवला. नवा बसला की पहिली चक्कर आईला मागे घेऊन, शाहपुऱ्याच्या तळ्यापर्यंत. सेकंडवरच.