अकरा घरं, अकरा उमेदवार

जयनगर, बंगलोर
१२ नोव्हेंबर १९६०

तीर्थरूप मामांच्या पायांशी नंदकिशोरचा नमस्कार. (गुडघे दुखत असतील तर दुरूनच घ्यावा.) बेळगावात थंडी सुरू झाली असेल. कानटोपी घालता ना? आम्ही सर्व ठीक आहोत.

तुम्ही स्थापन केलेल्या मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक पुढल्या रविवारी आहे. समोरच्या गटाने व्यंकोजींना उभं केलं आहे. आपल्या गटाने कोणाला करायचं हे ठरत नव्हतं, आणि मला फार उभं राहायचं होतं. (कारखान्यात बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या भाषणांना टाळ्या वाजवतो आहे.)

वाचनालयात वाचलं की अमेरिकेत काही राज्यांत पक्षाचा उमेदवार साधी माणसंच मतं देऊन ठरवतात. इच्छुक बर्फातून दारोदार हिंडतो, भेटेल त्याचा हात हातात घेतो. केवढा हा माणसांवर विश्वास. मी तीच पद्धत सुचवली. घरटी एक मत. दोन दिवस हात मिळवत हिंडलो. (गंगव्वा पीठ मळत होत्या, तरी मिळवला.) मोजणी झाली. अकरा घरं, अकरा उमेदवार, प्रत्येकाला एक मत.

मग विलायतेची पद्धत घेतली. तिथे गावची समिती इच्छुकाची मुलाखत घेते, आणि पुष्कळदा त्याच्या बायकोलाही बोलावते. माणूस पारखायची याहून नेमकी रीत मला ठाऊक नाही. तिघांनी नावं मागे घेतली, त्यांचीच समिती केली. माझी मुलाखत उत्तम झाली. मग माझ्यादेखत निपाणीच्या कल्लाप्पांनी हेमलताला विचारलं, हे मंडळाला वेळ देतील का?

"देतील की," ती म्हणाली. "घराचा सगळा शिल्लकच आहे."

समितीचं हसू आवरेना. शेवटी कल्लाप्पा म्हणाले, "सरी, ठरलं तर. अक्का, तुम्हीच उभ्या राहा."

तिने विचार करायला मुदत मागितली. मामा, उत्तर फार चांगलं होतं. समितीत असतो तर मीही तिलाच निवडलं असतं.

तुमचा
नंदकिशोर

ता. क. आपल्या देशातली रीतही मला थोर वाटते. नाव दिल्लीहून ठरून येतं. मुलाखत नाही, बायको नाही. आपल्या गटाची दिल्ली म्हणजे तुम्ही. माझ्या नावाची तार बुधवारपर्यंत यावी. हेमलताला कळू नये.

आणखी ता. क. मामा, हेमलताचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं. कल्लाप्पांच्या पत्रावरून तुम्ही केलेली माझ्या नावाची तार काल मिळाली, आणि मी लगेच अर्ज भरला. सूचक म्हणून सही यांचीच आहे. कधी वाचून करतात?