धनमायाच्या चुलीचे कलम

दिनांक ३ ऑक्टोबर रोजी नेपाळहून टपालाने आलेले सामान: हाताने विणलेली लोकरीची टोपी एक. भाजलेल्या लाल मातीचा तुकडा एक, तळहाताएवढा. चिठ्ठी नाही, मागे पाठवणारीचे नाव तेवढे: धनमाया तामांग. टपालखर्च पाठवणारीने भरलेला. मला लागला तो पोस्टमन महिपतच्या चहाचा. वर पत्ता होता, "चुलो बनाउने आमा, तलमडुगु, आदिलाबाद, भारत." महिपत ओसरीवरूनच म्हणाला, "काकू, चूल बनवणारी आई म्हणजे तुमीच ना? दुसऱ्या कोनाले देऊ?" या गावात चाळीस वर्षे मी वामनरावची बायको म्हणूनच ओळखली गेले, म्हणून हे आधी नोंदवले.

मी, वच्छलाबाई वामनराव भोयर, वय एकसष्ट, मॅट्रिक पास, काम घरचे, राहणार तलमडुगु, आज एकादशीचा उपास असूनही डोके ठिकाणावर ठेवून, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. साधा कागद चालतो असे वकिलांनी सांगितले, म्हणून स्टँप घेतला नाही.

कलम १. तलमडुगुचे दोन खोल्यांचे घर मुलगा सुधाकर व मुलगी कुसुम यांना निम्मे निम्मे. यंदा दसऱ्याला जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सुधाकर मंचेरियलला, कुसुम भैंसाला. दोन्ही लेकरे जागची न हलता परजिल्ह्यातली झाली. हिस्सा त्याने कमी होत नाही.

कलम २. देवघर कुसुमला. नैवेद्य दाखवल्याशिवाय तिने जेवू नये.

कलम ३. दूध तापवायचा पितळी गंज मोठ्या जाऊबाई जयवंताबाई यांना. मातीची चूल घालायला मला त्यांनीच शिकवले. शिव्या देत शिकवले, पण शिकवले. पुढे सुधाकरच्या वास्तुशांतीला नव्या शेगडीवर दूध उतू घालवायच्या वेळी हाच गंज त्यांनी माझ्या हातातून घेतला. "वच्छला, तू नको हात लावू. सवाशीण ठेवन दूध." मी गंज दिला आणि पंगतीत पाणी वाढायला गेले. आता तो कायमचा त्यांचा. राग त्यात ठेवलेला नाही, घासून दिला आहे.

कलम ४. नेपाळात भूकंप झाला, त्यानंतर मे २०१५ अखेर आदिलाबादच्या भजनी मंडळाचे अकरा जण सेवेला निघाले, त्यात मी एक. दीर उद्धवराव तेव्हा म्हणाले, "वहिनी, तिकडं लोकं मरून राह्यले, अन् तुमी काय भाकरी थापाले चालल्या?" मी म्हटले, "हो, जगले त्यांच्यासाठी." हेच उद्धवराव खाली साक्षीला आहेत, त्यांनी हे कलम वाचूनच सही करावी.

सिंधुपालचोक जिल्ह्यातल्या त्या डोंगरगावात तांदूळ पोहोचला होता, चुली ढिगाऱ्याखाली होत्या. बायका तीन दगड मांडून वाऱ्यात धूर खात होत्या. मी पदर खोचला. आमच्या काळ्या मातीला भेगा जातात म्हणून आम्ही राख भरपूर घालतो. तिथल्या लाल मातीतही तशीच घातली, आणि पहिल्या सात चुली हात लावताच भुगा झाल्या. धनमाया तामांग नावाची बाई हसली, राखेची पाटी लांब सरकवली, भाताचा कोंडा आणला आणि माती तुडवायला लागली. त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून चाळीस चुली उभ्या केल्या. याचा मला अभिमान आहे. देवाने तो पदरात घ्यावा.

एकेचाळिसावी धनमायाची स्वतःची, निघण्याच्या आदल्या दिवशी घातलेली. ओली चूल पेटवली की तडकते, आठ दिवस पेटवू नये, असे मीच सगळ्यांना बजावले होते. सकाळी धनमायाने दुधाचे भांडे माझ्या हाती दिले. मी म्हटले, "मैं विधवा हूँ." ती म्हणाली, "चूल्हा आपने बनाया, तो दूध कौन चढ़ाएगा?" वामनराव गेल्यापासून नऊ वर्षांत मला असे कोणी विचारले नव्हते. मी ओल्या चुलीत जाळ केला. दूध उतू गेले. चूक माझी, जाणूनबुजून केलेली.

कलम ५. पोस्टातली सगळी बचत सून रेणुका हिला. "आई, मले बी शिकवा," असे म्हणणारी घरात ती एकटी, आणि हात चांगला आहे. ही रक्कम दागिन्यासाठी नाही. परमुलखात संकट आले की तिने सेवेला जावे. सुधाकरने "गॅस असताना माती काऊन?" म्हणून अडवू नये. पण पहिला हक्क धनमायाचा. आलेला तुकडा तिच्या फुटल्या चुलीचा, की आठवण म्हणून मुद्दाम भाजून पाठवलेला, हे मला चाचपून चाचपून कळले नाही. चूल तडकली असेल तर रेणुकाने आधी तिथे जाऊन नवी घालावी व आठ दिवस थांबूनच पेटवावी. तोवर मी असेन तर मीच जाईन.

सही: वच्छलाबाई वामनराव भोयर
साक्षीदार: १) उद्धवराव भोयर (कलम चार वाचले. बरोबर आहे.)
२) महिपत लोखंडे, पोस्टमन
मुक्काम तलमडुगु, जि. आदिलाबाद, २६ ऑक्टोबर २०१६

ता. क. कलम पाचची नक्कल हिंदीत करून धनमाया तामांग हिला रवाना. लिपी एकच आहे, गावचे मास्तर वाचून दाखवतील. धनमाया, टोपी डोक्याला बरोबर बसली. चूल उभी आहे की तडकली, खरे काय ते परतीच्या टपालाने कळवावे. मला बरे वाटावे म्हणून लिहू नये.