सूनबाई बाबांजवळ बसली आहे

दि. ९ जानेवारी

ती. आक्कास,

साष्टांग नमस्कार वि. वि. साष्टांग म्हणजे मनातल्या मनात. कंबर वाकत नाही हे तू जाणतेसच.

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. डाव्या कानात गुणगुण चालते, छातीत मधूनच काहीतरी सरकल्यासारखं होतं आणि झोप म्हणशील तर नावाला. पण आजचं पत्र त्यासाठी नाही. घरातली एक गोष्ट सांगायची आहे. ती तुझ्या लेकी-जावयांत पसरवू नकोस.

आमच्याकडे कपडे धुण्याचं यंत्र फार चालायला लागलं होतं. सूनबाई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांच्या नळांची रडगाणी ऐकून संध्याकाळी घरी येते, स्वयंपाक उरकते, नातीचा अभ्यास घेते आणि मागच्या खोलीत जाऊन यंत्र लावते. दार लोटलेलं, आत धडधड सुरू. चिरंजीव हाक मारायला तोंड उघडत आणि आवाज ऐकून स्वतःच म्हणत, राहू दे, धुणं चाललंय तिचं. मलाही कौतुक वाटायचं. पण मग विचार आला, एवढे कपडे येतात कुठून? मी तर एकच सदरा कॉलर काळी होईपर्यंत घालतो. बाहेरचं धुणं घेते की काय? घराच्या अब्रूचा प्रश्न आहे, मला घास गिळवेना.

म्हणून परवा मफलर टाकायचं निमित्त करून आत गेलो. आक्का, त्या गोल काचेतून बघतो तर आत कपडाच नाही! नुसतं पाणी धुतलं जातंय. आणि सूनबाई पालथ्या बादलीवर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन भराभरा लिहितेय. विचारलं तर म्हणाली, कादंबरी आहे, बाबा. कोणी सर्दी आहे म्हणावं तसं म्हणाली.

मी गप्प बसायला हवं होतं असं तू म्हणशील. पण विजेची काळजी मला, पाण्याची काळजी मला. त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जेवायला होते. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, की आमच्याकडे यंत्र रिकामं फिरतं आणि त्यातून कादंबरी निघते. पोस्टमास्तर ठसका लागेपर्यंत हसले. चिरंजीवही हसले. चष्म्याच्या दुकानात बसून लोकांचे डोळे तपासतात, त्यांना घरातलं एकदाचं काहीतरी दिसलं. सूनबाईसुद्धा हसली आणि पाणी आणायला उठली. म्हणजे सगळं खेळीमेळीत झालं. तरी मला उगाच धाकधूक होते आहे. वयामुळे असेल का? कळव.

लोभ वाढव म्हणत नाही, होता तेवढा राहू दे.

तुझा,
धाकटा

दि. १७ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. ते तुला लागत नाहीत हा भाग वेगळा.

गुणगुण कानात नाही, डोक्यात आहे. म्हणे खेळीमेळीत झालं! अरे, पाण्याचा तांब्या भरलेला असताना बाई पाणी आणायला उठते ती तहान लागली म्हणून नव्हे. एवढं तुला या वयात मी सांगायचं?

जन्मभर तू कुलपं दुरुस्त केलीस. परक्यांच्या दारांना कड्या, कोयंडे, खिट्ट्या बसवत फिरलास. आणि तुझ्या सुनेला दोन ओळी लिहायला धडधडणाऱ्या डब्याचा आडोसा शोधावा लागला. तो आडोसाही तू पाहुण्यांना दाखवलास. वर विजेची काळजी! तू आत्मचरित्र लिहिणार म्हणून पोराने तुला टेबल दिलं, दिवा दिला, खुर्ची दिली, खुर्चीवर उशी दिली. त्याला किती वर्षं झाली? मला वाटतं तुझा त्यात अजून जन्म व्हायचा आहे.

आता एक कर. तिला विचार, कादंबरी कुठवर आली आणि कोणाला द्यायची आहे. विचार म्हणजे विचार. उलटतपासणी नको, आणि मध्येच तुझी छाती नको.

मफलर हाताने धू.

आशीर्वाद माझे, अक्कल तुझी तू बघ.

आक्का

दि. २ फेब्रुवारी

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मला ताप आला. थर्मामीटरमध्ये दिसला नाही, पण होता.

आत्मचरित्राबद्दल कृपा करून बोलू नये. सुरुवात कुठून करावी यावर माझा विचार चालू आहे, आणि दुपारी टेबलावर ऊन येतं.

तू म्हणालीस तसं विचारलं. एका प्रकाशकाने सूनबाईची पहिली प्रकरणं वाचून उरलेली मागितली आहेत. मार्चअखेर दिली तर छापतो म्हणाला, नाहीतर पुढे बघू. कचेरीच्या खिडकीतून रोज लोकांना पुढे बघू म्हणून परत पाठवणारी तीच. त्याचा अर्थ तिला कोणी समजावून सांगायला नको.

आणि लिहिणं तर बंद पडलं आहे. यंत्र लावलं की चिरंजीव दाराशी जाऊन विचारतात, कपडे आहेत की प्रकरण? प्रकरण असेल तर आधी माझे मोजे शोधून दे. पोस्टमास्तर जिन्यात गाठून विचारतात, आज किती पानं पिळली? नातसुद्धा शिकली. आता कपडे असले तरच यंत्र लागतं. बाकी घर असं चाललंय की काय सांगू. चहा वेळेवर, खिडक्यांच्या काचा लख्ख, माझ्या सदऱ्याची सगळी बटणं जागेवर. इतकं सुख या घरात मला कधी मिळालं नव्हतं आणि मला ते बघवत नाही.

तुझा टोमणा झोंबला म्हणून हत्यारांची पेटी काढली आणि मागच्या खोलीला आतून कडी बसवली. पितळी, अजून हात थरथरत नाही माझा. पण लोटलेल्या दाराकडे जे फिरकत नव्हते ते कडी लागल्याबरोबर थापा मारायला लागले. बरं नाही का? रागावलीस का? रडतेस का? चिरंजीवांचं म्हणणं, घरच्या घरात कडी लावायची म्हणजे आम्ही काय चोर आहोत? शेवटी तिनेच कडी काढून ठेवली.

काल तर कहर झाला. रद्दीवाला येणार म्हणून दाराशी वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. दोरी सैल दिसली म्हणून आवळायला गेलो, तर मध्ये तिची पानं. सगळी. चुकून गेली असतील म्हणून नेऊन दिली. ती म्हणाली, चुकून नाही हो बाबा, घरात ठेवायला जागा कुठे आहे? असं म्हणाली आणि माझ्यासाठी दूध तापवायला गेली. मी माझ्या टेबलाकडे पाहिलं. त्यावर मफलर वाळत होता.

पानं सध्या माझ्या गादीखाली आहेत. पाठीला टोचतात. टोमणे मारायचे तर मार, पण खाली काहीतरी उपाय लिही.

लोभाची गरज आहे.

तुझा,
धाकटा

दि. २४ फेब्रुवारी

ती. आत्याबाईंस,

नमस्कार वि. वि. बाबांना तुम्ही उपाय शोधते म्हणून कळवलंत. तो आता शोधू नका, आपणच चालत आला. बाबा तो स्वतःची कल्पना म्हणून सांगतील, त्याआधी माझ्याकडून ऐका.

गादीखालच्या पानांमुळे म्हणा, बाबांची कंबर खरोखरच धरली. संध्याकाळी दार लोटून मी त्यांना तेल चोळत होते. बाहेरून ह्यांची हाक आली. बाबा कण्हत म्हणाले, ती माझ्याजवळ बसली आहे. आत्याबाई, बाहेर एकदम चिडीचूप! मोजे आपोआप सापडले. लेकीने हाताने वाढून घेतलं. पोस्टमास्तर आले होते, ते चपला न काढताच परतले. जाताना हळूच म्हणाले, अशी सून भाग्याने मिळते. बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि मी बाबांकडे. मग त्यांनी कण्हत कण्हतच गादीखाली हात घातला आणि पानं काढून माझ्यापुढे ठेवली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी बाबांजवळ बसते. कोणी आलं, कोणाचा फोन आला, तरी घरात एकच उत्तर मिळतं, सूनबाई बाबांजवळ बसली आहे. लिहिणारीला बादली मिळत होती. सेवा करणारीला अख्खी खोली आहे, टेबल आहे, दिवा आहे, खुर्चीवर उशीसुद्धा आहे.

अडचण म्हणाल तर बाबा फार जीव ओतून कण्हतात. परवा मला नायिकेचं लग्न मोडायचं होतं. नीट, चार पानं घेऊन मोडणार होते. पण शेजारी असा काही सूर लागला होता की एका परिच्छेदात मोडून टाकलं. मी विनवलं, पावलं वाजली तरच कण्हत जा. तर म्हणाले, सराव सुटला तर ऐन वेळी कसं जमणार? कधी कण्हता कण्हता झोपतात आणि घोरायला लागतात. मग बाहेर ह्यांना वाटतं, धाप लागली.

कचेरीतली गंमत सांगते. पुस्तकासाठी रजा मागितली होती तेव्हा साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी झोके घ्यायला रजा मागते आहे. काल सांगितलं, सासऱ्यांचं सगळं मला करावं लागतं. अर्ज पुरता वाचलाही नाही. सही केली आणि वर विचारलं, एवढी पुरेल ना? खोटं बोलल्याचं वाईट वाटेल म्हणून जरा वेळ वाट पाहिली. वाटलं नाही.

तुम्ही रागावणार नाही या भरवशावर लिहिलं. तो भरवसा खरा ठरावा.

तुमची भाचेसून

दि. १२ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. दीर्घायुष्याचा जरा चाचरत देते, कारण इकडच्या मंडळींत तू जवळजवळ गेलेला आहेस. परवा आपला चुलतभाऊ माझ्यापुढे बसून डोळे पुसून गेला. तुझ्या स्वभावाबद्दल तो इतकं चांगलं बोलला की मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कोणाच्या घरी आलाय.

सुनेने सगळं कळवलं. तुझ्यात एवढी अक्कल असेल असं मला वाटलं नव्हतं आणि अजूनही वाटत नाही. कंबरेची कृपा म्हण.

पण आता नीट वाच. तुझ्या पोराचं मला पत्र आलं आहे. त्याचं म्हणणं, बाबांचं लक्षण काही ठीक दिसत नाही, तेव्हा हिने नोकरी सोडून पूर्णवेळ त्यांच्याजवळ बसावं. पोस्टमास्तरांचाही सल्ला तोच, म्हणजे ठरल्यातच जमा. तू कण्हण्यात रंगलास आणि तिकडे तिची नोकरी चालली! नोकरी गेली की पोरगी दिवसभर तुझ्या हाताशी सापडली. मग तुझा काढा, तुझी पेज, तुझा शेक. त्यात कसली कादंबरी होते? आणि पटकन बरा झालास तर पुन्हा मोजे.

तेव्हा इतकाच आजारी राहा की संध्याकाळी जवळ माणूस लागावं आणि दिवसा लागू नये. जन्मभर दुखण्यांचा अभ्यास केलास, आता परीक्षा आहे. नापास झालास तर मी स्वतः येऊन तुला खडखडीत बरा करीन.

आक्का

दि. ९ एप्रिल

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. पास झालो.

तुझ्या पत्राने माझी गाळण उडाली होती. चिरंजीवांना समजावलं, की दुखणं दिवसा उतरतं आणि दिवे लागले की चढतं, सकाळी मी एकटा राहू शकतो. त्यांचा विश्वास बसेना. डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. मी म्हटलं, संपलं सगळं. बाईंनी माझी कंबर दाबली, नाडी पाहिली, मग टेबलावरची पानं पाहिली, मग सूनबाईच्या बोटांवरची शाई. चिरंजीवांना बजावलं, दिवसा यांना शांत पडू द्या, संध्याकाळी मात्र जवळ कोणीतरी हवं आणि खोलीत गर्दी नको. जाताना सूनबाईला हळूच विचारून गेल्या, किती प्रकरणं राहिली? शिकलेली बाई, पण समजूतदार.

नोकरी राहिली. सूनबाई पुस्तकही मार्चअखेरच्या आत प्रकाशकाच्या हातात देऊन आली, आणि त्याचा होकार आला. माझं आत्मचरित्र तेवढं थांबलं आहे. टेबल मोकळं नसतं, हे आता खरं कारण आहे.

रविवारी चिरंजीवांनी मंडळी बोलावली. सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या बायकोने पुस्तक लिहिलंय. मी मधोमध खुर्चीत, मागे उशी, अंगावर शाल, म्हणजे सत्कार माझाच असावा असं बघणाऱ्याला वाटावं. मग पोस्टमास्तर उठले. म्हणाले, घर, नोकरी आणि त्यात सासऱ्यांचं एवढं दुखणं, हे सगळं सांभाळून या बाईने पुस्तक पुरं केलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यावर थांबावं की नाही? माझ्याकडे वळून, मान हलवत म्हणाले, तुमची कंबर धड असती ना, तर हेच पुस्तक कधीच होऊन गेलं असतं. सगळ्यांना पटलं. चुलतभाऊ आला होता, त्याने उसासा सोडला. चिरंजीव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बाबा, वाईट वाटून घेऊ नका, दुखणं काय कोणाच्या हातात असतं?

आक्का, माझ्या डोक्यात तिडीक गेली. मोजे कोण मागत होतं? किती पानं पिळली म्हणून जिन्यात कोण अडवत होतं? पुस्तक कोणाच्या कण्हण्यावर उभं राहिलं? सगळं जिभेवर आलं होतं. उठून, ताठ उभं राहून, कंबर वाकवून दाखवणार होतो सगळ्यांना.

तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. कप हातात देताना माझ्याकडे झुकली आणि कानाशी म्हणाली, बाबा, दुसऱ्या कादंबरीची सुरुवात सुचली आहे.

मी टेकून बसलो. पोस्टमास्तरांना म्हटलं, खरं आहे तुमचं, फार त्रास दिला पोरीला मी. आणि काय सांगू, अजूनही काही लक्षण बरं नाही. मग कण्हलो. आतून कण्हलो, मंडळींनी चहाचे कप खाली ठेवले. चिरंजीव दुसरी उशी आणायला धावले आणि दारातूनच बायकोला म्हणाले, तू इकडचं काही बघू नकोस, तू बाबांजवळ बस.

लोभ असू दे. आणि कोणी विचारलं तर माझी तब्येत जेमतेम आहे असंच सांग.

तुझा,
धाकटा