चार बावीसची नोंद

तीर्थरूप ताईस, नमस्कार (आठ महिन्यांच्या अबोल्यानंतरही स्वीकारशील तर). गुडघे कसे आहेत? आम्ही ठीक म्हणावं, तर कालची रात्र जागून काढली.

काल मी दाताच्या डॉक्टरांकडे पाच मिनिटं आधी पोहोचलो. नावं लिहून घेणारी बाई म्हणाली, "काका, तुमची वेळ तेरा मिनिटांपूर्वी गेली. नेहमीसारखी." नेहमीसारखी! ताई, मी तिथलं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं; बाई खरं बोलत होती. म्हणजे आमचं घर जगाच्या अठरा मिनिटं मागे!

तडक संगणकवाल्याला बोलावलं. त्याने डबा उघडून आतला बटणाएवढा सेल दाखवला. "हा मरायला टेकलाय. पण इंटरनेटवरून वेळ आपोआप लागते, ते कोणी बंद केलं?" मीच. (मला न विचारता कोणी माझी वेळ बदलावी, हे मला अप्रामाणिक वाटलं होतं.) त्याऐवजी दर सोमवारी मी स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून संगणक लावायचो. हे ऐकून हिच्या हातातला झारा पडला. कारण ही दर रविवारी ते घड्याळ संगणकावरून लावायची! म्हणे, "तुमचं यंत्र चुकेल असं मला वाटलंच नाही." माझा साधा मोबाइलही त्यावरूनच लावलेला. घरी बसून मुद्रितं तपासणाऱ्या, लोकांच्या चुकांवर पोट भरणाऱ्या माणसाची ही गत!

मग तो दिवस आठवला. तू चारला येणार होतीस. मी रोजनिशीत "ताई, ४.२२" असं लिहिलं आणि वर तुला वाचून दाखवलं. (का दाखवलं? सत्यासाठी की जिंकण्यासाठी? रात्रभर विचार केला. जिंकण्यासाठी.) "मी बहीण आहे की तुझ्याकडची कामगार?" म्हणून चहा न घेता तू गेलीस. ताई, घड्याळच खोटं, तर आरोपही खोटा. मला माफ कर.

तुझा,
धाकटा

ता. क. : येत्या रविवारी ये. कितीही वाजता.

ता. क. २ : हिने पत्र वाचलं. म्हणते, "अहो, घड्याळ मागे होतं ना? मग ताई आल्या तेव्हा चार बावीसही होऊन गेले होते!" मी कागदावर तीनदा मांडून पाहिलं. बरोबर आहे. तू त्याहूनही उशिरा आली होतीस. हे लपवणं मला जमणार नाही. पण माफी खोडत नाही. ती उशिराबद्दल नव्हतीच, वाचून दाखवल्याबद्दल होती. ये गं.