कोण गेलं म्हणून विचारतात

हापाई, टोंगा
१४ जानेवारी

चि. कालेसितास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि. वादळात छप्पर उडालं, माणसं शाबूत आहेत. तुमच्या ऑकलंडच्या चर्चने पाठवलेली कपड्यांची खोकी काल बोटीतून उतरली. अर्धं गाव उन्हात ताटकळलेलं. पहिल्यातून फरचा कोट निघाला, दुसऱ्यातून बर्फात घालायच्या विजारी, तिसऱ्यातून एकेकटे बूट. एका झग्याला तर घामाचा वास येत होता. पाद्रीबाबा म्हणाले, आभाराची प्रार्थना करू या. पण त्यांच्या हातात नेमकी भलीमोठी ब्रेसियर आलेली, त्यामुळे प्रार्थना काही कुणाला जमली नाही.

अगं, शाळा तोंडावर आली आणि गणवेश वाहून गेलेत. बाई म्हणतात, आहात तशा या. पण पोरी लाजतात. पांढरे शर्ट, लाल स्कर्ट मिळतात का बघ. तुझ्या बापाची थोरली बहीण सांगतेय, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
तुझी,
वाइमोआना आत्या

ऑकलंड
२३ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. पत्र वाचून मान खाली गेली. रविवारी चर्चमध्ये उभी राहिले आणि सांगितलं, पाहुण्याला घालायला द्याल तेवढंच आणा, तेही धुऊन. पौलिना काकू भडकल्या. कोट त्यांचाच होता. म्हणाल्या, गरजवंतांनी नखरे कशाला करावेत, कोट कुठेही चालतो. त्यांच्याकडे तसलाच दुसरा आहे. मी म्हटलं, मग आपल्या या जानेवारीच्या उन्हाळ्यात तुम्हीच घालून दाखवा. पुढच्या प्रार्थनेला खरंच घालून आल्या. दुसऱ्या भजनाला लालबुंद होऊन खाली बसल्या, आम्ही चौघींनी वारा घातला.

दुसऱ्या दिवशी काकू सुईदोरा घेऊन माझ्या दारात. दोघींनी मिळून बटणं लावली, उसवलेलं शिवलं. जमलेले शर्ट-स्कर्ट विमानाने निघालेत.

तुला स्वतःला काय हवं, ते लिहिलंच नाहीस.

तब्येतीला जप, रागावत राहा.
तुझी,
कालेसिता

हापाई
८ फेब्रुवारी

चि. कालेसितास,
अनेक आशीर्वाद. शाळा भरली. घरात दडून बसलेल्या पोरीही गेल्या. पौलिनाला सांग, बटणं इतकी घट्ट आहेत की पोरांना शर्ट काढता येत नाहीत. आया खूश आहेत.

विचारलंस म्हणून लिहिते. वादळाने माझं कपाट समुद्रात नेलं. उरला तो मयताला जायचा काळा झगा. रताळी खणायला तोच, मासे साफ करायलाही तोच. वाटेत जो तो थांबतो, आवाज खाली आणून विचारतो, कोण गेलं? मी म्हणते, कपाट. काल पलीकडच्या गावची एक बाई ऐकून न घेताच गळ्यात पडून रडली. मग मीही रडून घेतलं. वादळानंतर तेवढं राहिलंच होतं.

तेव्हा फुलाफुलांचा एक झगा पाठव. जुना चालेल. माप तुझ्या आईचं घे आणि चांगलं चार बोटं वाढव. तिला मात्र सांगू नकोस.

माया आहेच, ती असू दे.
तुझी,
आत्या