पलंग ते खिडकी, मार्गे कपाट

प्रिय बारक्या,

‘काळजी करू नका, सगळं ठीक आहे’ एवढ्या एका वाक्यावर वाढवलेल्या मुलांची जगात कधी सभा भरली, तर पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या तुझ्या आणि माझ्या असतील. आईच्या पोटाचं ऑपरेशन आपल्याला टाके निघाल्यावर कळलं. बाबांचा हात मोडलेला आपल्याला प्लास्टर कापल्यावर कळला, तोही शेजाऱ्यांकडून. आधी पोरांच्या अभ्यासात, मग पोरांच्या नोकरीत, मग पोरांच्या संसारात व्यत्यय नको, म्हणून या दोघांनी आयुष्यभर आपल्यापासून आपलंच घर लपवून ठेवलं. ही माझी तक्रार आहे, तुझीही आहे, आणि आज मी ती पुराव्यासकट मांडते आहे. बाबांना आता जवळजवळ दिसत नाही. काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय. उजेड आहे की अंधार, एवढं त्यांना कळतं. काळ्याशेजारी पांढरं ठेवलं तर तेही कळतं. बाकी सगळं धुकं.

गुडघे दुखतात म्हणून मुदतीआधी निवृत्ती घेतली, असं त्यांनी आपल्याला सांगितलं होतं ना? गुडघे ठणठणीत आहेत. एका सकाळी बस चालवताना थांब्यावर हात दाखवणारी बाई त्यांना दिसलीच नाही. तिने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली तेव्हा कळलं. त्यांनी बस तिथेच कडेला घेतली, डेपोत निरोप पाठवला आणि दुपारी साहेबांच्या टेबलावर बिल्ला ठेवून घरी आले. कुणी त्यांना उतरवलं नाही, स्वतः उतरले. मी पंचवीस वर्षं माइकसमोर उभी राहून जबाबदारी या विषयावर घसा फोडते आहे, आणि माझ्याच बापाने हे केलं हे मला दोन वर्षांनी कळावं, याचा मला किती राग आला असेल याची तू कल्पना करू शकतोस. पण हे पत्र रागाचं नाही. राग केव्हाच उतरला. त्याच्या जागी जे आलंय त्याला नाव देणं मला जमत नाहीये, आणि मला शब्द सुचत नाहीत असं सहसा होत नाही हे तुला माहीत आहे.

आमच्या संघटनेचं अधिवेशन संपलं आणि मी दहा दिवसांची रजा टाकून नव्या घरी आले, तेव्हा यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. नवं म्हणजे बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतून घेतलेल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. घर घेतल्यावर हातात फारसं काही उरलं नाही, हे तुला ठाऊकच आहे. दारातून आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं, आपण चुकून डेपोच्या शेडमध्ये शिरलो. भिंतीला लागून बसची दोन बाकं, खाली लाकडी चौकट ठोकून उभी केलेली. जमिनीवर बसच्या मधल्या वाटेतली रेघांची काळी रबरी पट्टी, पलंगापासून थेट न्हाणीघरापर्यंत. भिंतीवर कमरेच्या उंचीला उभ्या प्रवाशांनी धरायचा स्टीलचा दांडा. टेबलाच्या कडांना खिडकीच्या काचेभोवतीचं रबर. भिंती पांढऱ्या आणि दारांच्या चौकटी काळ्याकुट्ट. कपाटावर एक घड्याळ, इतकं मोठ्याने टकटक करणारं की दोन दिवसांत माझं डोकं उठलं. आईने तीस वर्षं डेपोच्या शिवणखात्यात सीटची कव्हरं शिवली, तिथलं भंगार तिला ओळखीने वजनावर मिळतं, हे मला माहीत होतं. पण म्हणून घराचं असं करायचं?

मी आईला भाषण दिलं. कष्टकऱ्याच्या घराला सौंदर्याचा हक्क आहे, गरिबी भिंतीवर टांगून ठेवायची गरज नाही, हे भंगार आधी बाहेर काढ. शब्द लक्षात ठेव, भंगार म्हणाले मी. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, “बरं.” माझ्या कुठल्याही भाषणाला इतका थंड प्रतिसाद आजवर मिळालेला नाही.

दुसऱ्या दिवशी आई बाजारात गेली. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. मी पदर खोचला. बाकं खिडकीखाली ओढली, म्हणजे वाचायला उजेड मिळेल. टेबल मधोमध घेतलं आणि त्यावर माझी फुलाफुलांची ओढणी अंथरली. कपाट कोपऱ्यात सरकवलं. रबरी पट्टी गुंडाळून दाराबाहेर ठेवली. घड्याळाची बॅटरी काढली. खोली अशी छान मोकळी दिसायला लागली की मी कमरेवर हात ठेवून स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात बाबा उठून बाहेर आले. तीन पावलं नेहमीच्या तोऱ्यात टाकली आणि उजवा हात बाजूला नेला. हात हवेत राहिला. एक पाऊल मागे घेतलं, पुन्हा हात नेला. मला वाटलं, खोली बघतायत. मी विचारलं, कसं वाटतंय बाबा? ते जागचे हलले नाहीत. डोकं थोडं वाकडं करून कानोसा घेत म्हणाले, “रस्ता कुठे गेला गं?”

बारक्या, दाट रहदारीतून अख्खी बस मागे घेणारा आपला बाप स्वतःच्या घराच्या मधोमध उभा होता आणि त्याला कुठल्याच बाजूला पाऊल टाकता येत नव्हतं. मी कसंबसं त्यांना धरून पलंगावर बसवलं. त्यांनी माझा हात सोडला नाही.

आई आली. दारातली गुंडाळी बघून तिला सगळं कळलं. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवी ओट्यावर ठेवली, घड्याळात बॅटरी घातली आणि टकटक सुरू झाल्याबरोबर आतून बाबांचा मोठा श्वास ऐकू आला. मग आम्ही दोघींनी एकेक वस्तू जागेवर नेली. कपाट कुठे होतं हे आईने डोळ्यांनी ठरवलं नाही. तिने बाबांना उठवलं, चालायला लावलं, तिसऱ्या पावलाला त्यांचा हात जिथे गेला तिथे कपाट आणलं. ते घर त्यांच्या अंगावर बेतून शिवलेलं होतं, आणि मी त्याची शिवण उसवली होती.

त्या दुपारी ओट्याशी उभं राहून तिने मला सगळं सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. पायाखाली रेघा आहेत तोवर वाट न्हाणीघराची. रेघा संपून तागाचं पोतं लागलं की पुढे ओटा. पुदिन्याचा वास आला की खिडकी, म्हणून तिथे डब्यात पुदिना लावलाय. घड्याळ ऐकू येतं ती बाजू कपाटाची. त्या घड्याळासाठी ती तीन दुकानं फिरली. प्रत्येक घड्याळ कानाला लावून बघायची. दुकानदार आवाज न करणारी, भारी भारी काढून दाखवत होता आणि ही म्हणे, सगळ्यात जास्त आवाज करणारं द्या. शेवटी त्याने गिऱ्हाइकांनी परत आणून दिलेलं एक माळ्यावरून काढलं आणि वर विचारलं, बाई, घरात कुणाला झोपू द्यायचं नाही का? चौकटी काळ्या का, तर पांढऱ्या भिंतीत काळी चौकट बाबांना अजून दिसते. जेवणाच्या टेबलावर निळं गडद रेक्झिन का, तर पांढरी ताटली त्यावर उठून दिसते. एकही वस्तू शोभेची नाही. दांडा बसवला तो डेपोतल्या निवृत्त वेल्डरकाकांनी. मजुरी म्हणून त्यांनी रोज संध्याकाळचा चहा मागितला, आणि आई म्हणते, हा माणूस तीन बंगल्यांच्या मजुरीचा चहा पिऊन बसलाय, तरी रोज येतो.

हे सगळं तिला सुचलं कसं, हे मात्र तिने सांगितलं नाही. ते मला तिच्या पायांनी सांगितलं. फरशी पुसताना तिने साडी वर खोचली होती आणि दोन्ही नडग्यांवर निळे-पिवळे डाग होते, काही जुने, काही अलीकडचे. मी विचारल्यावर म्हणाली, आपटले कुठेतरी. मी वेल्डरकाकांना बाजूला घेतलं. राहायला आल्यापासून मी येईपर्यंत, दुपारी बाबा झोपले की, आपली आई डोळ्यांवर ओढणी घट्ट बांधून या दोन खोल्यांत एकटी चालायची. पलंगापासून न्हाणीघर, न्हाणीघरापासून ओटा, ओट्यापासून खिडकी. जिथे आपटायची तिथे खडूने खूण करायची. संध्याकाळी काका आले की त्या खुणेवर फोम चढायचा नाहीतर ती वस्तू हलायची. काका म्हणाले, “घरातला प्रत्येक कोपरा आधी वहिनींनी खाल्ला, मग तुझ्या बाबांना वाढला.”

मी घरांवरची पुस्तकं वाचली आहेत. मोठमोठ्या इमारती उभ्या करणाऱ्यांची चरित्रं वाचली आहेत, माणसाने कसं राहावं यावर शहाण्या लोकांनी लिहिलेले जाडजूड ग्रंथ वाचून त्यांतली वाक्यं मी सभेत फेकली आहेत. त्या दिवशी मी आईची ती ओढणी मागून घेतली आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधली. पलंगावरून उठले. पहिलं पाऊल चाचपत टाकलं. मग तळव्याखाली रेघा लागल्या, हाताला दाराची चौकट लागली, बाहेर आले. एक, दोन, तीन, आणि हात आपोआप कपाटावर पडला, गुळगुळीत रेक्झिनच्या एका तुकड्यावर, जो तिने नेमका तिथेच चिकटवलाय. कान टकटकीकडे, नाक पुदिन्याकडे. दांडा हातात आला तेव्हा कुणीतरी आपलं मनगट धरून सावकाश पुढे नेतंय असं वाटलं. मी खिडकीपर्यंत गेले, बारक्या. कुठेही लागलं नाही. ओढणी सोडली तर आई टेबल पुसत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. सातवी शिकलेली ही बाई. मी तिला सौंदर्य समजावून सांगायला निघाले होते.

आणि बाबा. ते बघायला तू इथे हवा होतास. सकाळी उठतात ते ड्यूटीवर निघाल्यासारखे. पलंगावरून उतरताना घंटी मारल्यागत जीभ टाळूला लावून टिंग टिंग करतात. कपाट आलं की म्हणतात, “कपाट, कपाट, उतरणारे पुढे या.” आई ओट्यापाशी मधे उभी असली तर म्हणतात, बाई, दारात गर्दी करू नका. ती म्हणते, आधी तिकीट दाखवा. रोज तेच विनोद, आणि रोज दोघं हसतात. स्वतःचा चहा स्वतःच करतात. वेल्डरकाकांनी कडी वाजवली की स्वतः जाऊन दार उघडतात आणि काकांना उशीर झाल्याबद्दल झापतात. पट्टीवरून चालताना त्यांची पाठ अगदी ताठ असते. मी हे रोज बघत बसते. मेळाव्यांतून हजारो लोक उठून उभे राहिलेले पाहिलेत मी, पण सकाळी सात वाजता बाबा एकटे उठून खिडकीपर्यंत जातात तेव्हा मला जे होतं ते तिथे कधी झालं नव्हतं.

आईने माझ्याकडून वचन घेतलं की बारक्याशी यातलं काही बोलायचं नाही, तो लांब आहे, जिवाला लावून घेईल. मी बोलत नाहीये. लिहिते आहे. तिने लिहायला मनाई केली नव्हती, आणि असल्या पळवाटा शोधण्यात माझी हयात गेली आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते. परवा तुझा निरोप आला. तू त्यांच्यासाठी फर्निचर घेतलंयस, मोठा कोपऱ्याचा सोफा, काचेचं टेबल, काचेचं शोकेस. वीस तारखेला गाडी येणार, माणसंच सगळं लावून देतील आणि जुनं भंगार उचलून नेतील. निरोप मीच वाचून दाखवला. तुझ्यावर माझा काडीचाही राग नाही, तुला कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि तोच शब्द तुझ्याआधी मी वापरून झाले आहे. पण नंतर काय झालं ते ऐक. आई म्हणाली, पोराने किती हौसेने घेतलंय. संध्याकाळी तिने वेल्डरकाकांना दांडा उतरवायला सांगितलं, सोफ्याला भिंत लागेल म्हणून. काकांनी दोनदा विचारलं, वहिनी, नक्की ना? ती मान हलवत राहिली. आज सकाळी तिने रबरी पट्टीची एक कड उचकटली आहे. मी भांडले, ती ऐकत नाही. तुला नाही म्हणणं तिला आजवर जमलेलं नाही. शेवटी बाबा म्हणाले, “राहू दे गं. सोफा मऊ असेल. मी बसून राहीन.” बारक्या, ते बसून राहतील. तू दिलेल्या सोफ्यावर, कौतुकाने, कुणीतरी उठवेपर्यंत, आणि कधी विचारलंस तर सगळं ठीक आहे म्हणतील. काका परवा सकाळी पाना घेऊन येणार आहेत. हे पत्र उद्या कुरियरने तुझ्या हातात पडेल. वाचून झालं की बाकी काही करू नकोस, मला फोन करू नकोस, आईला समजावत बसू नकोस. त्या दुकानाला फोन लाव आणि ती ऑर्डर रद्द कर.

तुझीच,
ताई