वरच्या घरातली पावलं

।। श्री ।।
सोमवार, दि. १८ मे, दुपार

तीर्थस्वरूप वन्सं,

साष्टांग नमस्कार. तुमचा भाऊ आणि मी बरी आहोत. देवाच्या दयेने तुम्हीही तशाच असाल. फोनवर तुमचा आवाज ऐकला की बोलायचं ते राहूनच जातं, म्हणून पत्र. टपालवाला हल्ली आठवड्यातून एकदाच येतो, पत्र फाटकाला अडकवतो आणि लांबूनच शीळ घालतो. साथीने माणसांची पाखरं केली आहेत.

इकडे सगळं झोपेत चालल्यासारखं चाललंय. समोरच्या बंद दुकानाच्या फळीवर मांजर निजतं, त्याची सावलीसुद्धा कूस बदलत नाही. कुणाकडे भांडं पडलं तरी ते आपल्याच घरात पडलं असं वाटतं. देवापुढे बसलं की वातीची चरचर ऐकू येते.

तुमच्या वरच्या घराची काळजी नसावी. कुंड्यांतली झाडं तगली आहेत. गळक्या नळाला मीच दोरा गुंडाळला, प्लंबरचे पैसे वाचले. खिडक्या रोज उघडते.

असं लिहिलं खरं, पण खिडक्या मी उघडत नाही, वन्सं. मुली उघडतात.

आपल्या कोपऱ्यावरचं कॉलेज बंद झालं, वसतिगृह संध्याकाळपर्यंत रिकामं करा म्हणाले. ज्यांना घरी जाता आलं त्या गेल्या. तिघी फाटकाबाहेर आपापल्या बॅगांवर बसून राहिल्या. एकीच्या गावची वाट बंद. एक अनाथाश्रमात वाढलेली. तिसरी दम्याची, आणि घरी आईबाप दोघं अंथरुणाला खिळलेले. मी भाजी घेऊन परतत होते. "कुठे जाणार गं आता?" म्हटलं, तर अनाथाश्रमातली म्हणाली, "काकू, नियमाप्रमाणे आम्ही आता कुठेच नाही." ती कायदा शिकते. तुमची किल्ली माझ्या कमरेला होती. पुढचं तुम्हीच समजा.

मी त्यांना नावं ठेवलीत. वकीलीण, ताडमाड ती लांबी आणि दम्याची ती चिमणी. बाहेरच्या दोन खोल्यांतच राहा, असं बजावलं होतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी तुम्हाला कळवलं असेलच. खालून ओरडले, "काकू, वर कोण आहे?"

"पाहुण्या."

"साथीत पाहुण्या?"

"मग कधी येणार? एरवी त्यांना माझी गरज काय!"

मुलींचा खर्च मी वहीत 'देव' या सदराखाली मांडत होते. तुमच्या भावाने वही चाळली आणि म्हणाले, "तुझा देव हल्ली तीनदा जेवतो, वर दम्याचा पंपही ओढतो!" आणि पिशवी घेऊन स्वतःच औषधाच्या दुकानापुढे रांगेत उभे राहिले.

पण सांगायचं ते अजून पुढेच आहे. आमच्या डोक्यावर पुन्हा पावलं वाजू लागली, वन्सं. लांबी दणदण चालते. वकीलीण येरझाऱ्या घालत पाठांतर करते. चिमणी मात्र टाच आधी टेकते. आपली भिंगरी टेकायची तशी. पहिल्याच दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते, डोळा लागत होता, आणि नकळत वर हाक गेली, "भिंगरे, हळू!" वरून उत्तर आलं, "हो, काकू!"

मामी नव्हे, काकू. तेवढ्याने मी जागी झाले.

मंगळवारी चिमणीला ताप चढला. दवाखान्यात खाट नव्हती. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, हिला वेगळ्या खोलीत ठेवा, मोकळी हवा हवी. वेगळी खोली तुमच्या घरात एकच आहे. पोटची भिंगरी गेल्यावर घर बंद करताना तुम्ही म्हणाला होतात, "वहिनी, आतल्या खोलीला हात लावायचा नाही." मी विचारायला फोन हातात घेतला. आणि आठवलं, भिंगरी तापाने फणफणली तेव्हा तिच्या परगावच्या वसतिगृहाच्या बाई घरच्यांच्या परवानगीची वाट बघत बसल्या, आणि उशीर झाला. मी फोन ठेवला आणि कुलूप काढलं.

खिडकी उघडली तर उन्हात धूळ अशी तरंगली, जणू कुणी नुकतंच उठून गेलं असावं. भिंगरीचा निळा स्वेटर खुर्चीवरच होता. पोर कुडकुडत होती. तिला तो मी घातला. नंतर धुऊन, घडी करून ठेवला असता तर तुम्हाला कळलंही नसतं. पण रोज देवापुढे बसायचं असतं मला.

आज ताप उतरलाय. अंगात त्राण नाही. इतक्यात हलवू नका, डॉक्टरीणबाई म्हणतात. सेक्रेटरी म्हणतात, मालकिणीचं लेखी आणा, नाहीतर महिनाअखेर मुली बाहेर. तुम्ही नको म्हणालात तर मी तिघींना माझ्या स्वयंपाकघरात निजवीन, पण तिथे धूर आहे, आणि त्या छातीला धूर सोसणार नाही. दोन ओळी लिहा, वन्सं. माझ्यावर रागवायचं तर तिसऱ्या ओळीत रागवा.

हे लिहिताना वर पावलं वाजली. आतल्या खोलीतून. आज पहिल्यांदाच उठली असणार. भिंत धरून चालतेय, सावकाश, पण टाच आधी. मी वर बघत बसले आहे. हाक तोंडाशी आली होती, गिळली. ती हाक तुमची आहे. वाटा मोकळ्या झाल्या की या आणि तुम्हीच मारा.

तुमच्या किल्लीला न जागलेली,
वहिनी